देश : मार्फत आई

७ जानेवारी, सकाळी ११
निर्णय झाला. मी देश बदलणार.

कारणं उद्या. आधी पुरावा. पाण्याचा मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे (आईचे वडील, माझ्या जन्माआधीच गेले). तो आपल्या नावावर करून घ्यायला आईने त्यांच्या कागदांची पिशवी काढली. त्यात जन्मदाखला. आजोबा जन्मले तिकडे! तिकडे म्हणजे जिथे ती गेली आहे, नेमकं तिथेच. जगात एवढे देश पडलेले असताना. याला योगायोग म्हणणारे लोक मठ्ठ असतात.

आईला म्हटलं, एवढी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवलीस? ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, लपवली कुठे, तू विचारलंस कधी? माझे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, एवढं तरी ठाऊक आहे का?

ठाऊक आहे, म्हटलं. (नव्हतं.)

८ जानेवारी
कारणं. तिच्याबद्दल थोडक्यात. डेंटल टेक्निशियनचा कोर्स, आमच्याच कॉलेजची मागची इमारत. दीड वर्ष आम्ही एका बस स्टॉपवर उभे होतो. सप्टेंबरात तिला तिकडच्या दातांच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि ती गेली. जाताना म्हणाली, काळजी घे. कुणाची, ते नाही म्हणाली. अशा वेळी सगळं बोलून दाखवायचं नसतं.

ताई तिला दातवाली म्हणते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली आणि तरी दिवसभर इथेच असते. मी आजपासून तिच्याशी बोलणार नाही.

दुपारी ४. चहा केलास का, एवढंच विचारलं. हे बोलण्यात धरत नाही.

१२ जानेवारी
कोर्टाच्या पायऱ्यांपाशी एक म्हातारे टेबल मांडून बसतात. दाखल्यांची भाषांतरं, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. त्यांना सगळे शिक्काकाका म्हणतात. त्यांनी जन्मदाखला उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, अस्सल आहे, पण तुझ्या उपयोगाचा नाही.

माझं डोकं सणकलं. कसा नाही? रक्त त्यांचंच आहे.

शिक्काकाका म्हणाले, रक्त दूतावासात घेत नाहीत, कागद घेतात. नातवाला थेट मिळत नाही. मुलीला मिळतं. म्हणजे आधी तुझी आई तिकडची नागरिक होणार. मग तिच्या शेपटाला धरून तू. एकवीस वर्षांच्या आतलं पोर असेल तर आपोआप. पंचवीसपर्यंत असेल तर एकच अट, आईच्या शपथेच्या दिवशी ते पूर्णवेळ शिकत असलं पाहिजे. तुझं वय काय?

बावीस.

कॉलेज?

मी म्हटलं, चालू आहे. म्हणजे कॉलेज चालू आहे. मी जात नाही हा वेगळा मुद्दा.

१३ जानेवारी
कॉलेज मी का सोडलं, ते एकदा नीट लिहून ठेवतो. भविष्यात कुणी विचारलं तर. सेकंड इयरला मशीन ड्रॉइंगची शीट होती. एचओडी सर्वांसमोर म्हणाले, ही ट्रेस केलेली आहे. मी फक्त दोन आकृत्या खाली ठेवून वर कागद धरला होता. स्वाभिमान नावाची गोष्ट असते. मी शीट गुंडाळून त्यांच्या टेबलावर ठेवली. लांबून ठेवली. ती त्यांच्या चहाच्या फ्लास्कला लागली आणि फ्लास्क पडला. आतून काच असलेल्या वस्तू शिक्षकाने वर्गात आणू नयेत.

पुन्हा प्रवेश मिळू शकतो. लेखी माफी हवी. पंधरा जुलैपर्यंत.

सहा महिने आहेत. सहा महिन्यांत माणसं चंद्रावर जाऊन आली.

२० जानेवारी
आईला तयार केलं. सोपं नव्हतं. ती हॉस्पिटलचे एप्रन शिवते, हातात कायम कात्री, त्यामुळे वाद घालताना अंतर ठेवावं लागतं. म्हणाली, मला कशाला तिकडचं नागरिकत्व? मला साधं पलीकडच्या बाजाराचं नाही कौतुक. मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही गं, माझ्यासाठी. तू फक्त मधे उभं राहायचं.

ताई म्हणाली, आधी अंथरुणाची घडी घाल, मग देश बदल. आणि तिकडे दुहेरी चालत नाही हे सांगितलंस का तिला? तिकडचं घ्यायचं तर इकडचं सोडावं लागतं. माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं त्याच्या भावाचं झालंय तसं. (ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. जगातली सगळी माहिती तिला गिऱ्हाइकांकडून मिळते.)

आईने मशीन चालूच ठेवलं. एक पूर्ण बाही शिवून झाली. मग म्हणाली, मी नाही गेले तर हा तिकडे एकटा जाऊन उपाशी मरेल. चल, कुठे सही करायची?

विजय!

२ फेब्रुवारी
तिला मेसेज केला. कागदांची यादी मागितली. तिने लगेच पाठवली, क्रमवार, खाली रेघा मारून. प्रेमाशिवाय कोणी रेघा मारत नाही.

शेवटी लिहिलं होतं, आधी प्रवेश घे. आणि माझ्यासाठी म्हणून काही ठरवू नकोस.

अर्थ स्पष्ट आहे. स्वतःसाठी ठरव, असं तिला म्हणायचं आहे. किती समंजस.

तिच्या लॅबमध्ये एक जण पोर्सिलेनचे दात करतो. त्याने तिचं कपाट तीन मजले वर चढवून दिलं म्हणे. बरं झालं. परक्या ठिकाणी हमालीला कोणी तरी लागतंच.

१९ फेब्रुवारी
माफीपत्र, मसुदा पहिला. "महोदय, आपला फ्लास्क अपघाताने..." पुढे सुचत नाही. विषय फ्लास्कचा नसून सत्याचा आहे.

६ मार्च
आईला परीक्षा द्यावी लागणार. तिकडची भाषा तोंडी, आणि इतिहास, कायदे वगैरे शंभर प्रश्न पाठ. मी शिकवायला घेतलं. शिस्त हवी. रोज दहा प्रश्न. आई प्रश्नांचे कागद टाचणीने कापडाच्या कडेला लावते आणि शिवता शिवता पुटपुटते.

११ मार्च
आई चाळीस प्रश्नांपर्यंत गेली. मी आठवर आहे. माझी परीक्षा नाही, त्यामुळे मी खोलात जातोय.

१४ मार्च
आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. तिकडच्या भाषेतले आकडे शिकवत होतो, एक ते वीस. आई बाराच्या पुढे माझ्याआधी म्हणायला लागली. तीसपर्यंत गेली. मग स्वतःच दचकली. म्हणाली, बाबा घड्याळाचे स्क्रू मोजताना असं म्हणायचे. मला वाटायचं ते कसलं तरी गाणं आहे.

मग डोळे पुसून म्हणाली, पुढचा प्रश्न घे.

मी घेतला. संसदेत किती सभासद असतात. मला उत्तर बघावं लागलं.

२८ एप्रिल
माफीपत्र, मसुदा पाचवा. "आपल्याला माझं म्हणणं समजलं नाही याचा मला मनापासून खेद आहे." हे चांगलं जमलंय. ताईने वाचलं आणि म्हणाली, हे दिलंस तर ते स्वतः नवीन फ्लास्क आणून तुझ्या डोक्यात घालतील.

पोर्सिलेनवाल्याने तिला सायकल शिकवली. पोर्सिलेनचं काम बारीक असतं, ते म्हातारी माणसंच करतात. वडीलधारं कोणी तरी आहे तिथे, हे ऐकून बरं वाटलं.

२३ मे
आई पास! पंचवीसपैकी चोवीस. दूतावासाच्या खोलीबाहेर मी दीड तास उभा होतो, त्यामुळे यात माझा वाटा आहेच. तोंडी परीक्षा घेणारा म्हणे तिचं बोलणं ऐकून हसायला लागला. त्याला म्हणाली, हसता काय? तो म्हणाला, बाई, असं माझी आजी बोलायची, हे शब्द आता तिकडेही कोणी वापरत नाही.

घरी येताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. अचानक म्हणाली, बाबांना कधी तरी परत जावंसं वाटलं असेल, नाही रे?

मी म्हटलं, बरोबर किती बॅगा नेता येतात ते विचारायला हवं होतं.

१ जुलै
संकल्प : आजपासून रोज सकाळी सहाला उठणे. माफीपत्र पूर्ण करणे. तिकडची भाषा, निदान आकडे.

२ जुलै, सकाळी १०.४०
उठलो.

१३ जुलै
आईने माफीपत्र स्वतः लिहिलं. एका पानात. म्हणाली, तू फक्त सही कर, आणि हा घे. नवीन फ्लास्क, स्टीलचा, खोक्यात. मी म्हटलं, ही लाच झाली. आई म्हणाली, फोडला तो भरून दिला, याला लाच म्हणत नाहीत, याला वळण म्हणतात.

१५ जुलै, दुपारी १
शेवटचा दिवस. गेलो. एचओडींच्या केबिनबाहेर पाऊण तास बसलो. आत बोलावलं. त्यांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं. आवाज चढवला नाही. बस म्हणाले. मी बसलो. मग हसून म्हणाले, तुझ्या आईचं अक्षर फार सुंदर आहे, तिला सांग.

झालं. माझं डोकं फिरलं. म्हणजे मी बाळ आहे का? बावीस वर्षांच्या माणसाला आईचं अक्षर? मी म्हटलं, सर, मला तुमच्या दयेची गरज नाही. पत्र त्यांच्या हातातून घेतलं आणि फाडलं. चार तुकडे. ते म्हणाले, अरे, त्यावर मंजुरीची सही केलीय मी. थांब तरी. तोवर मी जिन्यात.

खालच्या मजल्यावर आल्यावर कळलं की फ्लास्क हातातच आहे.

परत वर जाणं शक्य नव्हतं. माणसाला कणा असतो.

१५ जुलै, संध्याकाळी ६
आईने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं.

खोटं नाही. भेट झाली, बोलणं झालं, जिना उतरून झाला. बोनाफाईडचं (शिकत असल्याच्या दाखल्याचं) काही तरी होईल. कॉरस्पॉन्डन्स कोर्स असतात. ओळखी असतात. फ्लास्क सध्या खाटेखाली.

आईने ताईला फोन करून सांगितलं. मग मशीनवर बसून तिकडचे आकडे पुटपुटत एक एप्रन लवकर संपवला.

८ ऑगस्ट
दूतावासाचं पत्र. शपथ अठरा सप्टेंबरला, सकाळी दहाला. त्याच टेबलावर इकडचं ओळखपत्र आणि पासपोर्ट जमा. खाली एक चौकोन : काही कारणाने शपथ वर्षभर पुढे ढकलायची असल्यास खूण करा. ही सवलत एकदाच.

आईने पत्र माझ्यासमोर धरलं. म्हणाली, तुझा बोनाफाईड तेव्हापर्यंत हातात येईल ना? नाही तर इथे खूण करू. एक वर्षाने काय बिघडतंय? मला घाई नाही.

एक वर्ष! ती तिकडे एकटी, आणि मी इथे एक वर्ष? मी म्हटलं, येईल गं, कॉलेजात छपाईचं काम चालू आहे, उशीर होतोय एवढंच.

आईने चौकोन कोरा ठेवला.

२९ ऑगस्ट
कॉरस्पॉन्डन्स चालत नाही. शिक्काकाका म्हणाले, पूर्णवेळ म्हणजे पूर्णवेळ. चष्म्यावरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, प्रवेश झालाय ना रे पोरा? आई परदेशी झाली की तिला इथे राहायला कागदावर आधार फार पातळ आहे. एकदा इकडचं दिलं की परत घ्यायला वर्षं जातात.

मी म्हटलं, काका, तुम्ही शिक्का मारा, काळजी मी करतो.

अजून वीस दिवस आहेत. मी दडपणाखाली चांगलं काम करतो.

१० सप्टेंबर
आई शेजारणींना मशीनचं झाकण, कुंड्या, प्रेशर कुकर कुणाला काय द्यायचं ते सांगतेय. कुठे निघालीस, म्हणून विचारलं की म्हणते, मुलाबरोबर.

सांगायचं ठरवलं. उद्या.

११ सप्टेंबर
उद्या.

१६ सप्टेंबर, दुपारी २.१५
तिचा मेसेज.

लग्न नोंदवतेय. ऑक्टोबरात. पोर्सिलेनवाल्याशी. तो सत्तावीस वर्षांचा आहे. खाली लिहिलंय, तुला आधी सांगायला हवं होतं, मी तीनदा सांगायचा प्रयत्न केला, तू दर वेळी अर्जाचं विचारायला लागलास. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, त्या पास झाल्या ते ऐकून इतका आनंद झाला.

दोनच माणसं होतो बस स्टॉपवर. तिसरा कुठे होता?

१६ सप्टेंबर, ५.००
तिला उत्तर लिहिलं. एक हजार शब्दांचं. पाठवलं नाही. फोन भिंतीवर फेकला. उशी मध्ये आली.

१७ सप्टेंबर
उठलो नाही. आईने तीनदा चहा आणला, तीनदा नेला. ताप आहे का बघायला कपाळाला हात लावला. हाताला मशीनच्या तेलाचा वास येत होता.

१८ सप्टेंबर, सकाळी ८.१०
आई न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून दारात उभी आहे. म्हणाली, बोनाफाईड? मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, तू हो पुढे, मी मागून घेऊन येतो, डोकं दुखतंय.

एवढंच सांगायचं होतं. जाऊ नकोस. दोन शब्द. मला फक्त सायकल दिसत होती, तिच्या मागे धावणारा तो.

आई म्हणाली, पडून राहा, ताई येतेय माझ्याबरोबर. तू आलास तर ठीक, नाही तर कागद उद्या देऊ म्हणून सांगेन त्यांना.

८.३५. दार लागलं.

१८ सप्टेंबर, दुपारी १
आली. हातात निळी फाईल. ताई सांगत होती, सगळ्यांत जास्त वयाची आईच होती आणि शपथ न बघता म्हणाली. टाळ्या पडल्या. आईने मला फाईल दाखवली आणि म्हणाली, तुझी जागा मोकळी ठेवलीय, आजच्या तारखेचा दाखला महिनाभरात दिला तरी चालेल म्हणतात. आजच्या तारखेला तू शिकत होतास एवढंच हवं.

मी म्हटलं, छान.

२३ सप्टेंबर
ताई केर काढत होती. खाटेखालून खोकं निघालं. उघडलं. फ्लास्क.

ताई काही बोलत नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. खोकं घेऊन मशीनपाशी गेली आणि आईसमोर ठेवलं. मग कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडच्या बाई म्हणाल्या, नाही, या नावाचा प्रवेश यंदा झालेला नाही. सर वाट बघत होते त्याची, दोन दिवस यादी उघडी ठेवली होती.

ताई मग बोलली. ते इथे लिहीत नाही.

आईने फ्लास्क परत खोक्यात ठेवला.

२४ सप्टेंबर
आई आज बोलली. एकच वाक्य. जेवताना, पानाकडे बघत. मग मला का जाऊ दिलंस?

मी म्हटलं, आई, माझी मनःस्थिती...

तिने मला वरण वाढलं. म्हणून पुढचं बोललो नाही.

३० सप्टेंबर
ताईने आईसाठी इथे राहण्याचा अर्ज केला. परदेशी नागरिक, मुलीकडे. निकालाला आठ-दहा महिने. तिकडे जायचं का, म्हणून आईला विचारलं. म्हणाली, कुणाकडे? बाबा तिथून निघाले तेव्हा सहा वर्षांचे होते.

मला वाटतं मी तिच्याबरोबर तिकडे पर्यटक म्हणून जाऊन पुढे काही तरी... नको. आज योजना नको.

६ ऑक्टोबर, दुपारी ३
परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय. निकाल येईपर्यंत तात्पुरता परवाना लागतो. फॉर्म मी भरत होतो, आई शेजारी. ज्या घरात जन्मली तोच पत्ता "परदेशी व्यक्तीचा मुक्काम" या रकान्यात. पुढचा रकाना : या देशात राहण्याचे कारण. आई म्हणाली, लिही, मुलगा.

मी लिहिलं.

काउंटरवरच्या क्लार्कने वाचलं. वाईट माणूस नव्हता. आईला विचारलं, अठराच्या आतला आहे का मुलगा? आई म्हणाली, नाही. आजारी? नाही. शिकतोय? नाही. मग तुम्हाला सांभाळतो? आई म्हणाली, सांभाळेल.

क्लार्क म्हणाला, मावशी, सांभाळेल असा रकाना नाही हो.

त्याने "मुलगा"वर रेघ मारली आणि वर लिहिलं, पर्यटन. नव्वद दिवस. मग पुन्हा यायचं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आई, चुकलं माझं. सहा महिने मसुदे केले तेव्हा हे वाक्य सुचलं नव्हतं. आई म्हणाली, रस्ता बघून चाल, गाडी येतेय.

७ ऑक्टोबर, सकाळी ९
शिक्काकाकांना परवाना दाखवला. म्हणाले, मागच्या बाजूचं वाचलंस का? पर्यटकाला इथे कमाईचं काम करता येत नाही. एप्रन बंद करायला सांग, कुणी तक्रार केली तर परवाना जाईल.

हॉस्पिटलचे चाळीस एप्रन शुक्रवारी द्यायचे आहेत. कापून ठेवलेले.

आईला मशीनवरून उठवलं आणि मी बसलो. ती बाजूला, स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. पाहुणी बसते तशी. सुईत दोरा जाईना. अर्धा तास प्रयत्न केला. शेवटी तिने हात पुढे केला आणि एका झटक्यात ओवून दिला.

ओवून देणं कामात धरतात का, ते काकांना विचारायला हवं.